सांधेदुखी, वाढलेलं कॅल्शियम आणि बिघडलेलं ड जीवनसत्त्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांधे दुखतात म्हणून रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्टमध्ये सांध्यांबद्दल काही निघालंच नाही, कॅल्शियमचा आकडा मात्र ठळक छापून आला. त्याच्याखाली ड जीवनसत्त्व, एकतर तळाला गेलेलं किंवा भलतंच चढलेलं. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘कॅल्शियम सांध्यांत साठलंय, गोळ्या बंद कर.’ दुसरा म्हणतो, ‘ड कमी आहे, डोस वाढव.’ दोघांनीही तिसरा आकडा पाहिलेला नसतो, कारण बहुतेक वेळा तो तपासलेलाच नसतो. तो आकडा पीटीएचचा, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचा. खालची उत्तरं फिरून फिरून त्याच्यापाशी येतील, त्याला इलाज नाही.

कॅल्शियम किती झालं की ‘जास्त’ म्हणायचं?

प्रौढ माणसाचं रक्तातलं एकूण कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. प्रयोगशाळेगणिक ही मर्यादा थोडी इकडेतिकडे होते, म्हणून तुमच्याच रिपोर्टवर छापलेली मर्यादा बघायची. त्या मर्यादेच्या वर पण १२ च्या आत असेल तर वाढ सौम्य, १२ ते १४ मध्यम, आणि १४ च्या वर म्हणजे दवाखान्यात भरती व्हायची वेळ.

पण एकाच रिपोर्टवर विश्वास टाकू नका. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. शरीराच्या कामाला येतं ते उरलेलं, मोकळं कॅल्शियम. अल्ब्युमिन वरखाली झालं की एकूण आकडा फसवतो. म्हणून अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, तितक्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे, असा ढोबळ हिशेब डॉक्टर करतात.

सांधेदुखीच्या रुग्णांनी हा हिशेब जरूर समजून घ्यावा. आमवातात दाह बराच काळ पेटलेला असला की अल्ब्युमिन खाली जातं. समजा कॅल्शियम १०.२ आलं, म्हणजे दिसायला अगदी ठीक. पण अल्ब्युमिन २.५ असेल तर खरा आकडा ११.४ च्या आसपास जातो. उलटही होतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, किंवा दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवून रक्त काढलं, तर आकडा उगाच वर दिसतो. शंका राहिली तर मोकळं कॅल्शियम, म्हणजे आयोनाइज्ड कॅल्शियम, थेट मोजून घ्यावं. हिशेबापेक्षा ते केव्हाही भरवशाचं.

कॅल्शियम वाढलंय हे अंगाला जाणवतं का?

सौम्य वाढ बहुतेकांना जाणवत नाही, किंवा जाणवते आणि वयावर ढकलली जाते. थकवा, मांड्यांत जोर नसणं, बद्धकोष्ठ, भूक मंदावणं, वारंवार लघवी, न भागणारी तहान, उदास वाटणं, विसराळूपणा. यातलं एकही लक्षण फक्त कॅल्शियमचं नाही, आणि हीच पंचाईत आहे. सांधेदुखीच्या माणसाला थकवा आणि उदासपणा आधीच असतो. वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलेलं असतं. त्यात ही लक्षणं मिसळली की वेगळी ओळखू येत नाहीत.

मुतखडा मात्र ठळक खूण आहे. सांधेदुखी आणि वारंवार होणारे मुतखडे एकाच माणसात दिसले की कॅल्शियम आणि युरिक ॲसिड दोन्ही तपासलेले असावेत.

ताबडतोब डॉक्टर गाठायचे ते कधी?

गोंधळल्यासारखं बोलणं, सतत गुंगी, न थांबणाऱ्या उलट्या, पाणीही पोटात न ठरणं, छातीत अनियमित धडधड, लघवी एकदम कमी होणं. यातलं काही असेल तर हे पान वाचत बसू नका. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर आणखी सावध राहा, कारण कॅल्शियम चढलं की त्या औषधाचा विषारी परिणाम वाढतो.

ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांचं नेमकं नातं काय?

ड ला जीवनसत्त्व म्हणतात ते जुन्या सवयीनं. वागायला ते संप्रेरक आहे. उन्हात त्वचेखाली तयार होतं किंवा पोटातून येतं, यकृतात त्याचं एक रूप बनतं आणि मूत्रपिंडात दुसरं. यकृतातलं रूप म्हणजे साठा. रिपोर्टमध्ये ‘२५ हायड्रॉक्सी’ म्हणून छापलेलं असतं ते हेच. मूत्रपिंडातलं रूप म्हणजे कॅल्सिट्रिऑल, आणि खरं काम करतं ते हे. आतड्यातून कॅल्शियम ओढून रक्तात आणायचं त्याच्याकडे असतं.

किती ओढायचं हे कोण ठरवतं? गळ्यात थायरॉइडच्या मागे साधारणपणे चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइडशी त्यांचा संबंध शेजाराचा, कामाचा नाही. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच सोडतात. पीटीएच तीन ठिकाणी निरोप धाडतं: हाडांना सांगतं कॅल्शियम सोडा, मूत्रपिंडाला सांगतं लघवीतून जाऊ देऊ नका, आणि त्याच मूत्रपिंडाला सांगतं साठ्यातल्या ड चं कॅल्सिट्रिऑल बनवा. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच आपोआप खाली येतं.

याचा अर्थ असा, की कॅल्शियम जास्त असताना पीटीएच अगदी कमी असायला हवं. ते तसं कमी असेल तर ग्रंथी शहाण्या आहेत आणि गडबड दुसरीकडे आहे. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच वर असेल, किंवा नुसतं ‘नॉर्मल’ असेल, तरी ते नॉर्मल नाही. रिपोर्टवर त्या आकड्यापुढे खूण नसते, म्हणून तो सुटून जातो. घराला आग लागलेली असताना पहारेकरी नेहमीसारखा खुर्चीत बसलेला दिसला, तर त्याला नॉर्मल कसं म्हणायचं?

माझं कॅल्शियम जास्त आहे आणि ड कमी. हे उलटंच नाही का?

वरवर उलटं दिसतं, पण ही जोडी फार नेहमीची आहे. इथे पहिला संशय प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमचा, म्हणजे चारपैकी एखादी ग्रंथी आपल्या मर्जीनं पीटीएच सोडू लागल्याचा. दवाखान्यात भरती नसलेल्या, हिंडत्याफिरत्या माणसांत कॅल्शियम वाढण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. पाचातल्या चारांहून अधिक जणांत एकाच ग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण तिपटीच्या घरात आहे, आणि बहुतेक जणी पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या. म्हणजे गुडघे कुरकुरू लागतात, नेमक्या त्याच वयातल्या.

ड कमी का दिसतं? वाढलेलं पीटीएच साठ्यातलं ड भराभर वापरून टाकायला लावतं. त्यामुळे साठ्याचा आकडा पडतो.

इथे एक चूक हटकून होते. ड कमी दिसलं की मोठ्या डोसची गोळी सुरू होते, आणि शेजारचं वाढलेलं कॅल्शियम कुणी पाहत नाही. ड भरून काढूच नये असं नाही. या आजारातही ते कमी असेल तर सावकाश भरून काढतात, कारण ड फार कमी राहिलं तर पीटीएच आणखी उसळतं आणि हाडं आणखी पोखरतात. पण ते लहान डोसमध्ये, कॅल्शियम मध्येमध्ये मोजत. स्वतःच्या मनानं हे करायचं नाही.

बरं, पण याचा माझ्या सांध्यांशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो ठरावीक आहे. हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये सांध्यांच्या कूर्चेत कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे बारीक स्फटिक जमू शकतात. एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या फटीत किंवा मनगटाच्या कडेला खडूनं ओढल्यासारखी पुसट पांढरी रेघ दिसते. त्या रेघेला काँड्रोकॅल्सिनोसिस म्हणतात. कित्येकांना ही रेघ असते आणि दुखत काहीच नाही. पण एखाद्या दिवशी हे स्फटिक कूर्चेतून सांध्याच्या पोकळीत उतरतात आणि सांधा रातोरात लाल, गरम, टम्म फुगलेला होतो. याचं जुनं नाव स्यूडोगाऊट, म्हणजे खोटा गाऊट. (खरा गाऊट युरिक ॲसिडच्या स्फटिकांनी होतो.)

साठीनंतर या रेघा तशाही वाढत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसात त्या दिसल्या म्हणून घाबरून जायचं कारण नाही. साठीच्या आत दिसल्या तर मात्र मागचं कारण शोधायलाच हवं. कॅल्शियम आणि पीटीएच, मॅग्नेशियम (ते कमी असलं तरी हे स्फटिक जमतात), शरीरातला लोहाचा साठा (हिमोक्रोमॅटोसिस या आजारात लोह साचून सांधे बिघडतात), आणि अल्कलाइन फॉस्फटेज (ते जन्मजात कमी असण्याचा एक दुर्मीळ आजार आहे). पाच साध्या रक्तचाचण्या आहेत. त्या न करता वर्षानुवर्षं ‘वयामुळे झीज’ असं लिहिलं जातं, हे मला पटत नाही.

स्फटिकांखेरीज हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये हाडं दुखतात, स्नायू ढिले पडतात, आणि मनगटाजवळचं हाड पातळ होतं. म्हणून या आजारात हाडांची घनता मोजताना कंबर आणि खुब्याबरोबर हाताचं हाडही मोजायला सांगतात. ते राहून गेलं असेल तर आठवण करून द्या.

खोटा गाऊट आणि खरा गाऊट ओळखायचा कसा?

बाहेरून खात्रीनं ओळखता येत नाही. खरा गाऊट पायाच्या अंगठ्याला पहिला धरतो, खोट्याचा ओढा गुडघ्याकडे आणि मनगटाकडे. पण दोघेही हा नियम मोडतात. सुईनं सांध्यातलं पाणी काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हाच पक्का मार्ग. युरिक ॲसिडचे स्फटिक सुयांसारखे टोकदार, पायरोफॉस्फेटचे आखूड आणि चौकोनी तोंडवळ्याचे. त्याच पाण्यात जंतू आहेत का हेही कळतं, आणि ते जास्त महत्त्वाचं. सांध्यात पू झाला असेल तर दिवस वाया घालवून चालत नाही.

गाऊटमध्ये युरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळ्यांनी स्फटिक हळूहळू विरघळतात. पायरोफॉस्फेट विरघळवणारं औषध अजून हाती नाही. त्यामुळे उपचार दाहावर: सांध्यातलं पाणी काढणं, आत स्टिरॉइडचं इंजेक्शन, कोल्चिसिन किंवा दाहशामक गोळ्या.

माझं ड खूप जास्त आणि कॅल्शियमही जास्त आलंय. आता काय?

गोळ्या आजच थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. जी काही ड ची आणि कॅल्शियमची औषधं चालू आहेत ती सगळी. अंगावरच्या उन्हानं हे होत नाही. ऊन जास्त झालं तर त्वचा ड चं उत्पादन आपणच थांबवते. हा प्रकार बाटलीतून, पाकिटातून किंवा इंजेक्शनातून येतो.

ड च्या साठ्याचा आकडा १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेला की विषारीपणाची शक्यता धरतात. कसा जातो एवढा वर? सगळ्यात साधं कारण म्हणजे आठवड्याला एक घ्यायची ताकदीची गोळी चुकून रोज घेणं. किंवा हाडांच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, सांध्यांच्या डॉक्टरांनी दुसरी, आणि घरातल्या कुणीतरी ‘हाडांसाठी चांगली’ म्हणून तिसरी, आणि तिन्हींत ड आहे हे कुणीच जोडून पाहिलं नाही. नावं निराळी असतात, आतला माल एकच.

ड चरबीत साठतं, म्हणून गोळी थांबवली की कॅल्शियम दुसऱ्या दिवशी उतरत नाही. साठ्यातलं रूप निम्मं व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे कॅल्शियम कित्येक आठवडे, कधी महिनेही वर राहू शकतं. तपासण्या पुन्हापुन्हा करायला सांगितल्या तर कंटाळू नका.

एक मोठा डोस देऊन वर्षभराची काळजी मिटवण्याची कल्पनाही तपासून झाली आहे. वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट ड देऊन पाहिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २,२५६ बायका होत्या. ज्यांना ड दिलं त्या कमी पडायला हव्या होत्या, पण त्याच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली. तेव्हापासून मोठ्या झटक्याच्या डोसकडे शहाणे डॉक्टर संशयानं बघतात.

माझं ड कमी आहे, पीटीएचही कमी आहे, तरी कॅल्शियम वर. असं कसं?

इथे साठ्याचं रूप आणि कामाचं रूप यांतला फरक उपयोगी पडतो. सार्कॉइडोसिस आणि क्षयासारख्या काही आजारांत शरीरात पेशींच्या बारीक गाठी होतात. त्या गाठींतल्या पेशी मूत्रपिंडाचं काम परस्पर करू लागतात, म्हणजे साठ्यातल्या ड चं कॅल्सिट्रिऑल बनवतात, आणि पीटीएचनं थांबा म्हटलं तरी ऐकत नाहीत. रिपोर्टमध्ये साठा कमी दिसतो कारण तो वापरला जातोय. कॅल्सिट्रिऑल वेगळं मोजलं तर ते चढलेलं सापडतं. अशा माणसाला ‘ड कमी आहे’ म्हणून भरपूर ड दिलं तर आगीत तेल.

आणि सार्कॉइडोसिस सांधेही धरतो. दोन्ही घोटे सुजलेले, नडग्यांवर लालसर दुखऱ्या गाठी, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसांच्या मुळाशी वाढलेल्या ग्रंथी, या तिकडीला लॉफग्रेन सिंड्रोम असं नाव आहे. घोटे सुजून आलेल्या तरुण माणसाला खोकला आहे का, डोळे लाल होतात का, हे विचारायचं ते त्यासाठी. यात स्टिरॉइड गोळ्यांनी कॅल्शियम लवकर उतरतं. आमवातात आणि ल्युपसमध्ये नेहमी दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही कॅल्सिट्रिऑल बनवण्याला आळा घालतं, म्हणून इथेही कधीकधी वापरतात.

नुसत्या आमवातामुळे कॅल्शियम वाढतं का?

क्वचित. आमवातात कॅल्शियम वाढलेलं दिसलं तर ते आमवाताच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. आधी बाकीची कारणं तपासावीत. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी सापडतं, आणि अनेकदा ते औषधांच्या डब्यात सापडतं.

म्हणजे सांध्यांसाठीचीच औषधं दोषी असू शकतात?

हो. आणि कुणाचीही चूक नसताना. कसं ते बघा.

आमवातात स्टिरॉइड चालू असतं. स्टिरॉइडनं आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं, म्हणून हाडं वाचवायला कॅल्शियम आणि ड देतात. हे बरोबरच आहे. दुखण्यासाठी वेदनाशामक गोळी असते. तिच्यानं छातीत जळजळतं, म्हणून माणूस दुकानातून ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्या आणतो. त्यांतल्या कित्येकांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे तीही कॅल्शियमचीच गोळी. ती कुणी ‘औषध’ म्हणून मोजत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगितली जात नाही. वेदनाशामकांनी मूत्रपिंड थकलेलं असतं, त्याला जादाचं कॅल्शियम बाहेर टाकणं जमत नाही. रक्तदाबासाठी थायाझाइड जातीची लघवीची गोळी असेल तर ती उरलंसुरलं कॅल्शियमही अडवून धरते. दुष्काळात तेरावा महिना.

कॅल्शियम आणि अल्कलीच्या या जोडीचा इतिहास जुना आहे. १९१५ मध्ये बर्ट्राम सिप्पी या डॉक्टरांनी पोटातल्या व्रणासाठी तासातासाला दूध आणि अल्कलीचा उपचार सांगितला. त्यावर राहिलेल्या काही रुग्णांचं कॅल्शियम चढलं आणि मूत्रपिंडं बिघडली, म्हणून या विकाराला मिल्क-अल्कली सिंड्रोम नाव पडलं. व्रणाची नवी औषधं आल्यावर तो दिसेनासा झाला होता. कॅल्शियमच्या गोळ्यांचा सुकाळ झाल्यावर परत आलाय.

यादीत आणखी काही नावं: मानसिक आजारासाठीचं लिथियम, अ जीवनसत्त्वाचा अतिरेक, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठीचं टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन. टेरिपॅराटाइडनंतर काही तास कॅल्शियम थोडं वर जातं आणि साधारण १६ ते २४ तासांत मूळ जागी येतं. म्हणून रक्त पुढच्या इंजेक्शनच्या आधी द्यायचं. नाहीतर नसता घोर लागतो.

रक्तातलं जादा कॅल्शियम सांध्यांत जाऊन बसतं आणि हाड वाढतं, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. गुडघ्याच्या कडेला किंवा टाचेला जे ‘हाड वाढलेलं’ असतं, ते झिजलेल्या किंवा ताणलेल्या जागी हाडानं केलेली डागडुजी आहे. रक्तातल्या कॅल्शियमचा आकडा अशा लोकांत बहुधा अगदी नेहमीचा असतो. त्या भीतीनं हाडांना लागणारी कॅल्शियमची गोळी बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

ड घेतल्यानं सांधेदुखी बरी होते का?

कोणती सांधेदुखी, यावर अवलंबून आहे.

गुडघ्याच्या झिजेत ड देऊन नीट चाचण्या झाल्या आहेत. त्यांतल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१३ आणि २०१६ मध्ये आले. दोन-दोन वर्षं ड दिलं, एमआरआयनं कूर्चा मोजली. कूर्चेची झीजही थांबली नाही आणि दुखण्यातही ठळक फरक पडला नाही.

आमवातासारख्या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांचं चित्र थोडं वेगळं आहे. व्हायटल नावाच्या चाचणीत पन्नाशी ओलांडलेल्या २५,८७१ लोकांना पाच वर्षांहून थोडं जास्त काळ पाहिलं गेलं. रोज २,००० युनिट ड घेणाऱ्यांत असे आजार नव्यानं होण्याचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. पण वाक्य नीट वाचा: नव्यानं होण्याचं. झालेला आमवात ड नं बरा होतो, असं त्यातून निघत नाही.

ड ची टंचाई असेल तर ती भरून काढणं वेगळं आणि टंचाई नसताना सांध्यांचं औषध म्हणून ड वाढवत नेणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला आधार नाही.

ड कमी असल्यानं संधिवात झाल्यासारखं वाटू शकतं का?

हो, आणि इथे मात्र ड खरंच औषध ठरतं. ड ची टंचाई फार आणि दीर्घ झाली की हाडं मऊ पडतात. ऑस्टिओमलेशिया. दुखणं बरगड्या, कंबर, खुबे, नडग्या असं पसरट असतं, जिने चढताना आणि खाली बसून उठताना जीव मेटाकुटीला येतो. माणूस सांधे दुखतात असं सांगतो, पण बोटानं दाबलं तर दुखतं ते हाड, आणि सांध्यावर सूज नसते. रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी किंवा काठावर, फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज जास्त, पीटीएच जास्त. इथे पीटीएच वाढलंय ते कॅल्शियम सावरण्यासाठी, आणि ते योग्यच वागतंय. म्हणून पीटीएच जास्त दिसलं की लगेच ग्रंथीच्या गाठीकडे धावायचं नाही, शेजारचं कॅल्शियम बघायचं.

मग रोज किती ड आणि किती कॅल्शियम ठीक?

निरोगी प्रौढांसाठी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०११ मध्ये घालून दिलेले आकडे अजून वापरात आहेत: सत्तरीपर्यंत ६०० आणि त्यानंतर ८०० युनिट ड रोज, आणि वरची सुरक्षित मर्यादा ४,००० युनिट. कॅल्शियम अन्न आणि गोळ्या मिळून १,००० ते १,२०० मिलिग्रॅम, आणि पन्नाशीनंतर वरची मर्यादा २,०००. गोळीवर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ४० नं गुणा, म्हणजे युनिट मिळतील.

ज्यांचं कॅल्शियम वाढलेलं आहे त्यांना मात्र ही कोष्टकं लागू नाहीत.

कॅल्शियम वाढलंय, मग खाण्यातलंही बंद करू का?

कारण कळल्याशिवाय नाही. ड च्या विषबाधेत आणि सार्कॉइडोसिसमध्ये काही काळ कमी करायला सांगतात. हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये खाण्यातलं कॅल्शियम फार तोडलं तर पीटीएच आणखी वाढतं आणि भरपाई हाडांतून होते, म्हणून तिथे साधा, नेहमीचा आहार ठेवतात. पाणी मात्र, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलेलं नसेल तर, भरपूर प्यावं. आणि अंथरुणाला खिळून राहू नये. हालचाल थांबली की हाडांतून कॅल्शियम सुटतं.

तपासण्या कोणत्या, आणि कोणत्या क्रमानं?

आधी कॅल्शियम पुन्हा, अल्ब्युमिनसह. खरंच जास्त असेल तर पीटीएच, आणि तेही त्याच वेळच्या रक्तातून. सोबत क्रिएटिनिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि ड चा साठा.

पीटीएच वर किंवा ‘नॉर्मल’ असेल तर २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजतात. ते फार कमी निघालं तर घराण्यातून आलेल्या एका निरुपद्रवी प्रकाराची शक्यता असते, आणि त्यात ऑपरेशनची गरज नसते. गळ्याचं स्कॅन हे गाठ कुठे आहे ते शोधायला करतात, आजार आहे की नाही ते ठरवायला नाही. पुष्कळ जण उलट क्रमानं जातात आणि स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होतात.

पीटीएच अगदी कमी असेल तर शोध दुसऱ्या दिशेनं: औषधं, ड, कॅल्सिट्रिऑल, छातीचा एक्स-रे, थायरॉइड, आणि कॅन्सरशी संबंधित तपासण्या.

एक बारीक गोष्ट. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा. काही यंत्रांवर त्यानं पीटीएच खोटंच कमी दिसतं आणि सगळा तपास भरकटतो.

कॅन्सर तर नसेल?

हा प्रश्न बहुतेक जण उंबरठ्यावर उभं राहून, जाता जाता विचारतात. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णांत कॅन्सर हे कॅल्शियम वाढण्याचं मोठं कारण आहे, हे खरं. पण तिथे कॅल्शियम सहसा झपाट्यानं आणि खूप चढतं, पीटीएच तळाला असतं, आणि माणूस आजारी दिसतो. वर्षानुवर्षं १०.८ ते ११.२ च्या दरम्यान रेंगाळणारं कॅल्शियम बहुतेक वेळा पॅराथायरॉइडचं निघतं. जुने रिपोर्ट म्हणूनच फेकू नयेत.

उपचार काय असतात?

कॅल्शियम फार चढलेलं असेल तर आधी सलाईन, कारण असा रुग्ण आतून कोरडा पडलेला असतो. मग कॅल्सिटोनिन, जे लवकर पण थोडेच दिवस काम करतं, आणि झोलेड्रोनिक ॲसिडसारखं औषध, ज्याला दोनेक दिवस लागतात पण परिणाम टिकतो. बाकी कारणाप्रमाणे.

पॅराथायरॉइडच्या गाठीवर ऑपरेशन हा कायमचा इलाज आहे. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी हाडं पोखरलेल्या एका ट्राम कंडक्टरवर ते पहिल्यांदा केलं. आज सराव असलेल्या सर्जनच्या हाती शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ नं जास्त, हाडं ठिसूळ, मुतखडा, किंवा मूत्रपिंडाचं काम कमी झालेलं, यातलं काहीही असेल तर ऑपरेशनचा सल्ला देतात. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी सिनाकॅल्सेट हे औषध आहे. त्यानं कॅल्शियम उतरतं, हाडं मात्र त्यानं भरून येत नाहीत.

ऑपरेशननंतर सांधे दुखायचे थांबतील?

हाडांचं दुखणं आणि अशक्तपणा पुष्कळदा कमी होतो. कूर्चेत आधीच जमलेले स्फटिक तसेच राहतात. आणि हे आधीच सांगून ठेवलेलं बरं: ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत कॅल्शियम एकदम खाली येतं, तेव्हाच खोट्या गाऊटचा झटका येऊ शकतो. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गुडघा फुगला, म्हणून घाबरून जाऊ नका. वॉर्डातल्या डॉक्टरांना तुमच्या सांध्यांचा इतिहास ठाऊक असला, म्हणजे झालं.

डॉक्टरकडे जाताना काय घेऊन जाऊ?

यादी नको, डबाच न्या. चघळायच्या गोळ्या, पावडरी, टॉनिक, केसांच्या गोळ्या, कुणी भेट दिलेली बाटली, रिकामी पाकिटंसुद्धा. आठवड्याची गोळी नेमकी कोणत्या वारी घेता आणि शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते लिहून न्या. कॅल्शियमचे जुने आकडे तारखेसकट. आणि पीटीएच कधीच तपासलेलं नसेल, तर तेवढं एक विचारा.